'आधी' आणि 'नंतर'च्या मधलं गॅरेज

पहिल्या मोटरसायकलचे दोन फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. 'आधी'च्या फोटोत शोरूममधून हार घालून आलेली गाडी, 'नंतर'च्या फोटोत बुटकं हँडल, गोल आरसे, तपकिरी सीट आणि मागे सूर्यास्त. मधला फोटो कुणी टाकत नाही. त्यात हँडल उतरवलेली गाडी उभी असते, हेडलाइट वायरींवर लोंबत असतो, दहाचा पाना सापडत नसतो आणि गाडीचा मालक 'काका, उद्या सकाळी कॉलेजला न्यायचीय' असं पुन्हा पुन्हा सांगत असतो. मोटरसायकलींवर लिहिण्याच्या निमित्ताने पुण्यातल्या गॅरेजांच्या बाकांवर माझी बरीच वर्षं गेली. तिथे हा मधला फोटो रोज दिसतो. तिथे बसून माझं एक ठाम मत झालं आहे. पहिल्या गाडीवर हौस जरूर करावी, पण जे आज काढलं ते उद्या जसंच्या तसं परत बसवता येईल, एवढ्याच बेताने.

सुरुवात नेहमी साडी गार्डपासून होते. नवी गाडी घरी येते, पेढे वाटून होतात आणि दुसऱ्याच दिवशी मागच्या चाकाशेजारची ती जाळी उतरते. दोन-तीन बोल्टचं काम. 'त्याने गाडी म्हातारी दिसते' हे कारण मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता पोरगं तोंड उघडायच्या आत मला ते कळतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 क्रमांकाचा नियम मात्र मागे बसणाऱ्याच्या बाजूने आहे. त्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून किमान निम्मं चाक झाकणारं संरक्षण हवं. कोथरूडच्या एका तरुणाने गार्ड काढून कॉटखाली टाकला होता. दोन वर्षांनी त्याचं लग्न ठरलं. साखरपुड्यानंतर होणाऱ्या बायकोला फिरायला न्यायला तो ऐटीत दारात उभा राहिला. तिने ओढणी सावरली, चाकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी जाळी बसवून आणा, मग बसते." ती स्वतः एका वाहन कंपनीच्या सुरक्षा विभागात नोकरीला होती, हे स्थळ बघताना याच्या नीट लक्षातच आलं नव्हतं.

साडी गार्डनंतर हँडल. इथे गंमत संपते आणि काळजी सुरू होते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचं हँडल मुठीपाशी 22 मिलिमीटर जाडीचं असतं, त्यामुळे बाजारातलं कोणतंही हँडल 'बसतं'. बसतं म्हणजे क्लॅम्पमध्ये बसतं. त्याच्याबरोबर अॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, पुढच्या ब्रेकचा पाइप आणि वायरींचा जुडगाही वर-खाली सरकतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. एका संध्याकाळी एक विद्यार्थी उंच हँडल बसवून घेत होता. काम झालं, पैसे दिले, हेल्मेट चढवलं. मिस्त्रींनी गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिन चालू केलं आणि म्हणाले, "हँडल पूर्ण डावीकडे वळव." पोराने वळवलं. मुठीला कुणाचा हात नसताना इंजिन आपोआप चढायला लागलं. केबल ताणली जात होती. हाच प्रकार सिंहगडाच्या वळणावर झाला असता, तर वळताना गाडी आपणहून वेग घेत कठड्याकडे निघाली असती. मिस्त्रींनी चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली.

त्यांनी जुनं हँडल परत बसवलं. मग क्लॅम्पचे चार बोल्ट थोडे सैल करून तेच हँडल किंचित मागे फिरवलं, दोन्ही लिव्हर मनगटाच्या रेषेत खाली आणले, गिअरचा पायटा त्याच्या दांड्यावरून उतरवून एक दाता वर बसवला आणि टूलकिटमधल्या अर्धगोल पान्याने मागचे शॉकअब्सॉर्बर एक खाच घट्ट केले. पोराने गल्लीत चक्कर मारली आणि परत येऊन विचारलं, "काका, कुठलं हँडल टाकलंत?" बहुतेक गाड्यांना एवढी फिरवाफिरव कंपनीनेच दिलेली असते आणि ती फुकट असते. नवं हँडल त्याने दुकानात परत केलं आणि आलेल्या पैशांतून चांगलं हेल्मेट घेतलं.

आता वैराकडे वळू. गॅरेजच्या पडद्यामागे हँडलपेक्षा जास्त रंगतात ती मित्रामित्रांतली वैरं. एकाच वाड्यातले दोघे, एकाच महिन्यात घेतलेली एकाच मॉडेलची गाडी. एकाने एलईडी इंडिकेटर लावले, तर दुसऱ्याने आठवड्यात त्याहून बारीक लावले. पहिल्याने रस्त्याकडेच्या एकाकडून काम करवलं होतं. त्याने कंपनीची वायर कापली, टोकं पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली. दुसऱ्याने वाट पाहिली आणि कंपनीच्या जोडणीत थेट घुसतील असे कपलर आणवले. एकही वायर कापली नाही. इंडिकेटर मात्र दोघांचेही नुसते भराभर लुकलुकत होते, कारण जुन्या पद्धतीचा फ्लॅशर 10 वॅटच्या बल्बचा भार गृहीत धरतो. एलईडी एक-दोन वॅट खातो. फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला, आणि तो लगबगीने लुकलुकायला लागतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवला की प्रश्न मिटतो. दोघांचाही मिटला.

मग पाऊस आला. दोघे मिळून ताम्हिणीला गेले आणि पहिल्याच्या काळ्या टेपेत पाणी शिरलं. आधी उजवा इंडिकेटर गेला, मग त्याच फ्यूजवरचा हॉर्न, मग ब्रेकलाइट. धुक्यात, घाटात, मागे ब्रेकलाइट नसलेली मोटरसायकल घेऊन तो पुढे आणि त्याला झाकत दुसरा मागे, असे ते हळूहळू पुण्यात पोचले. बक्षीस कुणाला मिळालं म्हणाल तर दुसऱ्याला. पहिल्याला कंपनीचेच इंडिकेटर परत हवे होते आणि त्याने स्वतःचे भंगारात देऊन टाकले होते. दुसऱ्याकडे त्याचे जुने इंडिकेटर वर्तमानपत्रात गुंडाळून, बोल्टांसकट, नीट ठेवलेले होते. त्याने ते मित्राला विकले. नव्याच्या भावाने.

पुण्याचं एक भौगोलिक वैशिष्ट्य या सगळ्याला फार शोभून दिसतं. शहराच्या एका बाजूला वेताळ टेकडीवर एआरएआय आहे. 1966 साली स्थापन झालेली ही संस्था गाड्यांची आणि सुट्या भागांची तपासणी करून त्यांना मान्यता देते. आरसा, इंडिकेटर, दिवा, हॉर्न, प्रत्येक गोष्टीला तिथे कसोटी लागते. शहराच्या दुसऱ्या बाजूला नाना पेठ आहे. तिथे दुचाकीचा कोणताही भाग मिळतो, बंद पडलेल्या मॉडेलचाही. टेकडीवर महिनोन्महिने तपासून मंजूर झालेला आरसा पेठेत पाच मिनिटांत उतरतो. टेकडीवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या अभियंत्याला मी एकदा पेठेत पाहिलं. त्यांच्या मुलाला हँडलच्या टोकाला लागणारे गोल आरसे हवे होते. त्यांनी आरसा हातात घेतला, हात लांब करून धरला, मान वळवून पाहिलं, दुकानदाराला काचेची वक्रता विचारली, टोकाची वजनं काढल्यावर मुठीत कंप वाढतो तो कसा आवरणार ते विचारलं. दुकानदार शांतपणे ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "साहेब, हाच आरसा माझ्याही गाडीला होता. मागचं काही दिसत नाही. म्हणून काढला." अभियंत्यांनी हसून त्याचा हात हातात घेतला. मुलाच्या गाडीला आजही कंपनीचे आरसे आहेत.

हा खेळ आपल्याच गल्ल्यांतला आहे असं मात्र कुणी समजू नये. 1963 सालच्या 'द ग्रेट एस्केप' या चित्रपटातली ती प्रसिद्ध उडी सगळ्यांना ठाऊक आहे. स्टीव्ह मॅक्वीन जर्मन सैन्याच्या मोटरसायकलवरून तारेच्या कुंपणावर झेपावतो. पडद्यामागची हकिकत अशी की ती गाडी जर्मन नव्हतीच. ती ब्रिटिश ट्रायम्फ टीआर6 होती, जर्मन लष्करी गाडीसारखा वेष चढवून उभी केलेली. उडी मारणारा माणूसही मॅक्वीन नव्हता, त्याचा मित्र बड एकिन्स होता. मॅक्वीन स्वतः उत्तम स्वार. पाठलागाच्या काही दृश्यांत जर्मन सैनिकाचा गणवेष घालून गाडी चालवणारा स्वार मॅक्वीनच आहे. म्हणजे पडद्यावर तो स्वतःचाच पाठलाग करतो आहे.

इंग्लंडातच रेडिचच्या रॉयल एनफील्ड कारखान्याने याहून मोठं वळण घेतलं. तिकडे शिकाऊ परवान्यावर 250 सीसीपर्यंतचीच मोटरसायकल चालवता येत असे. त्यामुळे पोरं लहान गाड्या घेत आणि घरामागच्या अंगणात त्यांना बुटकी हँडलं, लांबट टाक्या लावून शर्यतीच्या गाडीचं रूप देत. कंपन्या आणि हौशी पोरं यांच्यातली ही जुनी चढाओढ. 1960च्या दशकाच्या मध्यात रॉयल एनफील्डने तेच रूप कारखान्यातून तयार करून बाजारात आणलं: 250 सीसीची कॉन्टिनेन्टल जीटी, लाल फायबरग्लासची टाकी, पुढच्या फोर्कना थेट पकडणारं बुटकं हँडल. चेन्नईच्या रॉयल एनफील्डने 2013 साली हेच नाव 535 सीसीच्या गाडीला पुन्हा दिलं. मग आपल्याकडचे कितीतरी मालक गॅरेजात येऊन म्हणाले, पाठ दुखते, जरा उंच हँडल लावून द्या.

सायलेन्सरबद्दल लिहायला मला आनंद नाही, पण टाळताही येत नाही. इंदोरी, पंजाबी, डॉल्फिन, लाँग बॉटल ही नावं बुलेटवाल्यांच्या गप्पांत आपल्या मावस-चुलत भावंडांसारखी येतात. जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून पोलिसांनी रोलर फिरवल्याची दृश्यंही सगळ्यांनी पाहिली आहेत. मागची गोष्ट अशी असते. दुकानदार म्हणतो, "जुना ठेवून जा, नव्यात कमी करतो." मालक खूश. मग नाकाबंदीचा हंगाम येतो आणि कंपनीचा सायलेन्सर परत लागतो. खडकीचा एक तरुण असाच नाना पेठेत आला आणि बराच भाव देऊन वापरलेला कंपनीचा सायलेन्सर घेतला. बसवताना खालच्या बाजूला एक चर दिसला. सोसायटीच्या फाटकाला घासून पडलेला तो चर त्याने लगेच ओळखला. तो त्याचाच सायलेन्सर होता.

1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस6 गाड्यांत तर हे प्रकरण आवाजापुरतं राहिलेलं नाही. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर त्याच नळीच्या वाटेवर बसलेले असतात. ते उचकटलं की मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो, मायलेज बिघडतं आणि धूर थेट मागच्या रिक्षातल्या बाळाच्या नाकात जातो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मंजुरी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मी ज्या मिस्त्रींना मानतो, त्यांनी बरीच वर्षं आवाजाचे सायलेन्सर लावून दिले. एके दिवशी त्यांनी ते काम बंद केलं. त्यांच्याकडून सायलेन्सर लावून घेतलेला एक बुलेटवाला महिन्याभरात परत आला होता, चेहरा ओढलेला, डोळे लाल. घरी मुलगी झाली होती. रात्रपाळीहून तो परतला की गल्लीच्या तोंडापासूनच ती दचकून उठायची. तो म्हणाला, "काका, माझं जुनं परत लावा. आणि त्या कोपऱ्यावरच्याचंही काढा, तो माझ्यानंतर येतो."

नंबर प्लेटचा किस्सा छोटा आहे. मागचा लांब मडगार्ड काढून प्लेट सीटखाली चिकटवायची टूम आहे. नव्या गाड्यांना 1 एप्रिल 2019 पासून उच्च सुरक्षा प्लेट येते आणि ती एकदाच लागणाऱ्या स्नॅप लॉकने बसवलेली असते. लॉक तोडलं की ते परत लागत नाही. म्हणजे दोन बोल्टचं वाटणारं हे काम परतीचं नाही. एकाने ते तोडलं, प्लेट वर घेतली, आणि पहिल्या सरीत मागे बसलेल्या त्याच्या मामांच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ उमटली. मामा परिवहन कार्यालयात मुलाखतीला निघाले होते.

आणि एक किस्सा वडिलांचा, कारण आपल्याकडे बरेचदा पहिली गाडी वडिलांचीच असते. सातारा रस्त्यावर राहणाऱ्या एका मुलाला वडिलांची जुनी स्प्लेंडर मिळाली. टाकी रंगवायची नाही, अशी अट. मिस्त्रींनी त्याला विनाइल सुचवलं. टाकी पुसून घेतली, पेट्रोलच्या झाकणाभोवती थोडी जागा सोडली, कारण पेट्रोल सांडलं की विनाइलची कड सुटते. काठावर दोन पट्टे तेवढे लावले. सीट उसवली नाही. जुन्या बाजारातून त्याच मॉडेलची दुसरी सीट आणून तिला नवं कव्हर शिवलं. उसवलेलं कव्हर परत शिवता येतं, पण कापलेला फोम परत वाढत नाही. काढलेला प्रत्येक भाग एका खोक्यात गेला, बोल्ट छोट्या पिशव्यांत आणि पिशव्यांवर पेनाने नाव. काम सुरू करण्यापूर्वी मुलाने प्रत्येक जोडणीचा मोबाइलवर फोटो घेतला होता. मी पाहिलेल्या कामांत हे सगळ्यात नेटकं.

महिन्याभराने त्याचे वडील एकटेच गॅरेजला आले. मिस्त्री सावरून बसले, भांडण होणार म्हणून. वडिलांनी इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ते खोकं आहे का तुमच्याकडे? आमची सीट त्यातच असेल ना?" मिस्त्रींनी काढून दिली. वडिलांनी ती घेतली नाही, नुसता तिच्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "हिलापण त्याच रंगाचं कव्हर शिवता येईल का? रविवारी गाडी मी नेतो."

अशी खोकी गॅरेजांच्या पोटमाळ्यांवर खच्चून भरलेली असतात. गाडी विकली जाते, दुसऱ्या मालकाकडून तिसऱ्याकडे जाते आणि खोकं मागे राहतं. मग तो तिसरा मालक तपासणीच्या आदल्या दिवशी साडी गार्डसाठी, आरशासाठी, कंपनीच्या सायलेन्सरसाठी नाना पेठ पालथी घालतो. तुमच्या घरी माळ्यावर, कॉटखाली, गच्चीवरच्या ट्रंकेत विकलेल्या गाडीचं असं काही पडलं असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. मॉडेलचं नाव आणि साल चिठ्ठीवर लिहून जवळच्या गॅरेजमध्ये नेऊन द्या.